ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचे तेल : केव्हा व कसे बदलावे

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग व गडचिरोली जिल्हा हा धानाचा मुलूख होय. १९८२ साली विभाजन होईपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आजही ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली ह्या तालुक्यांतील बांध्या आणि वैनगंगेच्या पलीकडील आरमोरी, देसाईगंज, चामोर्शीकडील बांध्या शेतीच्या दृष्टीने एकाच वळणाच्या आहेत. ह्या बांध्यांतील चिखलणी पूर्वी बैलांच्या व हेल्यांच्या बळावर होत असे. आता ती बहुतांशी ट्रॅक्टरने होते. रोवणीच्या आधी बैलांना पेंड चारून त्यांच्या अंगी बळ आणले पाहिजे, हे कोणा शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु ट्रॅक्टरच्या बाबतीत इंजिनाचे तेल तेवढे बदलले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळून येते. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाकडे तर ते गळू लागेपर्यंत सहसा कोणाचे लक्षच जात नाही. ह्या दुर्लक्षाची किंमत ऐन रोवणीत मोजावी लागते. यास्तव ह्या विषयाची साद्यंत माहिती शेतकरी बंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

एक पाहिलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी सिंदेवाही तालुक्यातील एका गावी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रस्तुत लेखकास एक ट्रॅक्टर भर बांधीत उभा असलेला दिसला. त्याचे स्टिअरिंग आठवडाभर जड चालत होते व टाकीतील तेलही कमी झाले होते. चालकाने जवळच्या दुकानातून मिळाले ते तेल, म्हणजे ब्रेकचे तेल, टाकीत ओतले. दोन्ही तेले दिसावयास सारखीच, तेव्हा कामही सारखेच करतील असा त्याचा समज. पण ब्रेकचे तेल निराळ्या जातीचे असल्यामुळे स्टिअरिंगमधील रबरी सील फुगून मऊ पडले आणि एके सकाळी सर्व तेल चिखलात वाहून गेले. सुटे भाग येऊन दुरुस्ती होईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या एका ट्रॅक्टरवर पाच कुटुंबांची चिखलणी अवलंबून होती. त्यांचे २१ ते २५ दिवसांचे असताना लावावयाचे पऱ्हे वाफ्यातच वयस्क झाले. अशा पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात, हे जाणत्या धानकऱ्यांस ठाऊकच आहे. पाऊस होता, बियाणे उत्तम होते, मजूरही मिळाले होते; अडले ते दोन-तीन लिटर तेलासाठी.

पॉवर स्टिअरिंगचे कार्य कसे चालते?

बंद नळीतील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्वत्र सारखा पोहोचतो, हे तत्त्व फ्रान्सच्या पास्कल ह्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडले. पॉवर स्टिअरिंग ह्याच तत्त्वावर चालते. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस ह्या अभियंत्याने १९२६ साली मोटारीसाठी तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग तयार करून दाखविले, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारीतून ते प्रथम बाजारात आले. पुढे ते ट्रॅक्टरवरही बसविले जाऊ लागले.

ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या बळावर एक लहान पंप फिरतो. तो टाकीतील तेल ओढून दाबाने स्टिअरिंगखालच्या झडपेकडे पाठवितो. चालक ज्या बाजूस स्टिअरिंग वळवितो, त्या बाजूस ही झडप तेल सोडते. ते तेल पुढच्या आसावरील सिलिंडरमध्ये जाऊन त्यातील दांडा सरकविते व चाके वळतात. काम केलेले तेल फिल्टरमधून गाळून पुन्हा टाकीत येते. अर्थात, हे तेल एकाच वेळी चार कामे करते : बळ पोहोचविणे, वंगण देणे, उष्णता वाहून नेणे आणि गंज रोखणे. तेल बिघडले की ही चारही कामे एकदम बिघडतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आजच्या अनेक ट्रॅक्टरांत स्टिअरिंग व पुढची चाके ह्यांना जोडणारा लोखंडी दांडाच नसतो. मध्ये फक्त तेल असते. इंजिन बंद पडले तरी तेल शिल्लक असेपर्यंत हाताच्या जोराने चाके वळविता येतात. पण तेलच वाहून गेले, तर स्टिअरिंग नुसते फिरत राहते आणि चाके जागची हलत नाहीत. बांधीत असे झाले तर काम खोळंबेल. परंतु भरलेली ट्रॉली घेऊन नाल्याच्या पुलावर असे झाले तर काय होईल, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा. रोवणीच्या दिवसांत स्त्री-मजुरांना ट्रॉलीत बसवून नेण्याची प्रथा अद्याप काही ठिकाणी दिसते. ती कायद्याने निषिद्ध आहेच; शिवाय अशा ट्रॅक्टरचे स्टिअरिंग सदोष असेल तर ती जिवावर बेतणारी आहे.

आपल्या भागात हे तेल लवकर का बिघडते?

ह्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण उष्णता. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. तेलाचे तापमान वाढले की ते पातळ होते, आणि दीर्घकाळ तापत राहिले की काळे पडून त्याचे गुण नष्ट होतात.

दुसरे कारण पाणी व चिखल. चिखलणी करताना पुढच्या आसावरील सिलिंडर वारंवार चिखलात बुडतो. त्याच्या दांड्यावर वाळलेला चिखल काचकागदाप्रमाणे सीलला घासतो. सील झिजली की पाणी व गाळ आत शिरतो. टाकीचे झाकण सैल असणे, किंवा ट्रॅक्टर धुताना पाण्याची जोरदार धार झाकणावर व सीलवर मारणे, ह्यांमुळेही पाणी आत जाते.

तिसरे कारण आपल्या बांध्यांचा आकार. लहान बांधीत ट्रॅक्टर घडोघडी वळवावा लागतो. कोपऱ्यात वळताना चालक स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन तसेच दाबून धरतो. अशा वेळी पंपाचे सर्व तेल दाब-झडपेतून परत फिरते व झपाट्याने तापते. यास्तव स्टिअरिंग टोकाला टेकताच किंचित सैल सोडण्याची सवय चालकाने लावून घ्यावी.

तेल केव्हा बदलावे?

तेल किती तासांनी बदलावयाचे, हे ट्रॅक्टरच्या बनावटीप्रमाणे वेगवेगळे असते. त्याचा अंक ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो व तोच प्रमाण मानावा. मात्र तो अंक पाहून स्वस्थ न बसता, तो कोणत्या महिन्यात भरणार, ह्याचा हिशेब शेतकऱ्याने मांडला पाहिजे.

उदाहरणार्थ, समजा, पुस्तिकेत १,००० तासांनी तेल बदलावे असे सांगितले आहे व मे महिन्यात तासमापकावर ८६० तास झाले आहेत. वरवर पाहता अद्याप १४० तास शिल्लक आहेत. परंतु चिखलणीत ट्रॅक्टर रोज १० तास चालला, तर चौदाव्या दिवशीच, म्हणजे ऐन धांदलीत, १,००० तास भरतील. त्या वेळी तेल बदलावयास कोणासही सवड नसते आणि ते काम हमखास पुढे ढकलले जाते. म्हणून जे तेल रोवणी संपण्यापूर्वी मुदतीस येणार असेल, ते रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बदलून घ्यावे. १४० तास वाया गेले असे मानू नये. त्या मोबदल्यात एक निर्धोक हंगाम पदरात पडतो.

दुर्गम भागातील शेतकऱ्यांनी तर हा नियम कटाक्षाने पाळावा. सिरोंचा हे गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा वेळी कारागीरही येऊ शकत नाही व सुटा भागही पोहोचत नाही. जेथे दुरुस्ती दूर, तेथे निगा अधिक, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र तासांची वाट न पाहता तेल तपासावे :

१. स्टिअरिंग जड होणे किंवा झटके देत वळणे.
२. वळविताना पंपातून घरघर किंवा शिटीसारखा आवाज येणे.
३. टाकीत फेस दिसणे.
४. तेलाची पातळी वारंवार खाली जाणे.
५. तेलास जळका वास येणे.

तेलाची परीक्षा घरच्या घरी करता येते. स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे तेल घेऊन उजेडात धरावे. नवे तेल पारदर्शक असते. तेल दुधाळ वा ताकासारखे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. काळे व जळक्या वासाचे असल्यास ते उष्णतेने निकामी झाले आहे. पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब टाकले असता धातूचे चकाकणारे कण दिसले, तर पंपाची किंवा झडपेची झीज सुरू झाली आहे. अशा वेळी केवळ तेल बदलून न थांबता कारागिरास दाखवावे.

स्टिअरिंग जड झाले म्हणजे दोष तेलाचाच, असेही नव्हे. पुढच्या टायरांत हवा कमी असणे, पुढच्या आसाच्या सांध्यांना ग्रीस नसणे, किंवा पंप पट्ट्यावर चालत असल्यास पट्टा सैल असणे, ह्या कारणांनीही ते जड होते. ह्या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. त्यांस खर्च जवळजवळ नाही.

कोणते तेल वापरावे?

काही ट्रॅक्टरांत पॉवर स्टिअरिंगची स्वतंत्र लहान टाकी असते. तीत बहुधा दोन-तीन लिटर तेल मावते. काही ट्रॅक्टरांत गिअरपेटी, हायड्रॉलिक व स्टिअरिंग ह्या सर्वांना एकच तेल पुरविले जाते. अशा ट्रॅक्टरचे तेल पुष्कळ असते व ते बदलण्याची रीतही निराळी असते. ते काम सेवा केंद्रातच करून घ्यावे. आपला ट्रॅक्टर ह्यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे पुस्तिकेवरून प्रथम निश्चित करावे.

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल, मोहोरबंद डब्यातील व पक्क्या पावतीने घ्यावे. रंगावरून तेलाची जात ओळखू नये. दोन जातींची तेले मिसळू नयेत. ब्रेकचे तेल, वापरलेले इंजिनाचे तेल, डिझेल किंवा रॉकेल ह्यांपैकी काहीही स्टिअरिंगच्या टाकीत घालू नये. आत धुऊन काढण्यासाठी म्हणूनही घालू नये.

तेल बदलण्याची रीत

पुढील रीत स्वतंत्र टाकी असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. आवश्यक साहित्य असे : योग्य मापाचे पाने, जॅक, भक्कम आधार, स्वच्छ घमेले, बारीक जाळीचे नरसाळे, तंतू न सुटणारे स्वच्छ फडके, नवा फिल्टर, वायसर आणि पुरेसे नवे तेल.

१. ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करावा. तेल कोमट होण्यासाठी इंजिन सुमारे १० मिनिटे चालवावे. कोमट तेलाबरोबर गाळही बाहेर येतो. तेल कढत असताना मात्र काम सुरू करू नये.

२. मागील अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक ओढावा व मागील चाकांच्या दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळे लावावेत.

३. पुढचा आस जॅकने उचलून दोन्ही बाजूंस भक्कम आधार द्यावा. विटांचा किंवा नुसत्या जॅकचा आधार देऊन खाली हात घालू नये.

४. टाकीचे झाकण व त्याभोवतीची जागा झाकण उघडण्यापूर्वीच ब्रशाने व फडक्याने स्वच्छ करावी. झाकणावरील चिमूटभर माती आत पडली, तरी ती पंपास घातक ठरते.

५. टाकीचा तळचा बूच काढून तेल घमेल्यात सोडावे. बूच नसल्यास टाकीकडे परत येणारी नळी टाकीजवळ सोडवावी. सोडविण्यापूर्वी नळ्यांवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे जोडताना अदलाबदल होणार नाही. पंपाकडून निघणाऱ्या दाबाच्या नळीस हात लावू नये.

६. नळीचे तोंड घमेल्यात ठेवून, इंजिन बंदच ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. सिलिंडरमध्ये राहिलेले जुने तेल त्यामुळे बाहेर येईल. ही पायरी अनेक जण गाळतात आणि नवे तेल जुन्या तेलात मिसळते.

७. फिल्टर कागदी असल्यास नवा बसवावा. जाळीचा असल्यास डिझेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडा करून बसवावा. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ स्वच्छ फडक्याने पुसून काढावा.

८. नळी व बूच नव्या वायसरसह घट्ट बसवून जाळीच्या नरसाळ्यातून खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

९. आता आतील हवा काढावयाची. इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग आठ-दहा वेळा दोन्ही बाजूंस सावकाश वळवावे व कमी झालेले तेल भरावे. नंतर इंजिन मंद गतीने सुरू करून तसेच वळवावे. टोकाशी दाबून धरू नये. टाकीत फेस आल्यास इंजिन बंद करून तो विरेपर्यंत थांबावे. फेस व आवाज थांबेपर्यंत हीच क्रिया पुन्हा करून शेवटी पातळी खुणेवर आणावी.

१०. सर्व जोड तपासून ट्रॅक्टर खाली घ्यावा आणि मोकळ्या जागी हळू चालवून पाहावा. समाधान झाल्यावरच रस्त्यावर न्यावा.

जुने तेल दुधाळ निघाले असेल, तर काही तास काम केल्यावर नवे तेल पुन्हा बाटलीत पाहावे. ते परत दुधाळ दिसल्यास आत पाणी राहिले आहे किंवा सीलमधून येत आहे. सील तपासून घेऊन तेल आणखी एकदा बदलणे आवश्यक होय.

एक गंभीर इशारा

इंजिन चालू असताना तेल कोठून गळते, हे हाताने चाचपून पाहू नये. नळीस सुईएवढे छिद्र असले, तरी त्यातून दाबाने निघणारे तेल कातडी भेदून शरीरात शिरू शकते. वरून केवळ लहानसा ठिपका दिसतो व आरंभी दुखतही नाही. पण उपचारास विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधावयाची झाल्यास पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा. असा अपघात झालाच, तर जखम किरकोळ समजून घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे तेल आत शिरले आहे, असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

जुन्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल धुऱ्यावर, नाल्यात किंवा बांधीत ओतू नये. आपल्या भागातील माजी मालगुजारी तलावांवर धानाचे ओलित चालते, तसेच अनेक कुटुंबांची मासेमारी व शिंगाडा ही पिकेही त्याच पाण्यावर पोसली जातात. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की हवा पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून सेवा केंद्रामार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. डबा मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावा.

हंगामाप्रमाणे निगा

मे महिन्यात तासांचा हिशेब मांडावा, तेलाची बाटलीतील परीक्षा करावी, नळ्या व सील पाहाव्यात आणि आवश्यकतेनुसार तेल बदलावे.

चिखलणीच्या दिवसांत दररोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तेलाची पातळी पाहावी. सायंकाळी सिलिंडरच्या दांड्यावरील चिखल वाळण्यापूर्वीच धुऊन पुसून टाकावा. दोन मिनिटांचे हे काम सीलचे आयुष्य वाढविते.

रोवणी संपताच तेल पुन्हा बाटलीत पाहावे. ते दुधाळ असल्यास कापणीपर्यंत थांबू नये. पाणी मिसळलेले तेल उभ्या ट्रॅक्टरमध्येही गंज निर्माण करते.

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना ह्या कापूस व सोयाबीनच्या पट्ट्यात चिखलाचा प्रश्न नसला, तरी धूळ व उष्णता आहेच. तेथील शेतकऱ्यांनीही पेरणीपूर्वी ही तपासणी करावी. जीप किंवा मालवाहू गाडी असणाऱ्यांनी तिचे स्टिअरिंग तेलाचे की विजेचे, हे आधी पाहावे. हल्लीच्या पुष्कळ मोटारींत ते विजेवर चालते आणि त्यात तेल नसतेच.

अधिक माहितीसाठी आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, अथवा सिंदेवाही व सोनापूर-गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे विचारणा करावी. ज्या तरुणांना यंत्रांची गोडी आहे, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ सालापासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. गावात असा एक जाणता तरुण असला, तर साऱ्या गावाची रोवणी सुरळीत पार पडण्यास हातभार लागेल.

शेवटी एक सूचना. ट्रॅक्टरच्या पेटीत एक लहान वही ठेवावी व तेल बदलल्याची तारीख, तासमापकावरील अंक आणि तेलाची जात एवढ्या तीनच गोष्टी तीत लिहाव्यात. बंडीच्या आसाला वंगण कधी घातले, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात राहत असे, कारण बंडी स्वतः कुरकुरून आठवण देई. स्टिअरिंगचे तेल मात्र बिघडताना बहुधा आवाज करीत नाही. आवाज येऊ लागतो तेव्हा झीज सुरू झालेली असते. म्हणून आठवण आपणच ठेवली पाहिजे, आणि ती ठेवण्याचा योग्य काळ म्हणजे मृगाच्या पावसापूर्वीचा हाच होय.